गोव्याची धास्ती खोटी होती का?

नमस्कार,

गोवामुक्तीवरच्या लेखाखाली तुम्ही लिहिलंय की, 1961 साली गोव्यातल्या तीन-साडेतीन हजार पोर्तुगीज शिपायांपासून भारताला काडीचाही धोका नव्हता; कृष्ण मेनन यांना मुंबईची निवडणूक जिंकायची होती, म्हणून सुरक्षेचं कारण पुढे केलं.

निवडणुकीचं आधी मिटवून टाकू. मेनन संरक्षणमंत्री होते आणि फेब्रुवारी 1962 मध्ये उत्तर मुंबईतून आचार्य कृपलानींविरुद्ध लढले. मुहूर्त त्यांच्या सोयीचा होता, यात वादच नाही. पण मुहूर्त सोयीचा म्हणून लग्नच खोटं?

आता शिपायांचं. दिल्लीला पणजीच्या पलटणीची भीती नव्हतीच. भीती होती ती मुरगावचं बंदर आणि दाबोळीची धावपट्टी उद्या कोण वापरेल याची. पोर्तुगाल 1949 पासून नाटोत, म्हणजे अमेरिका आणि पश्चिम युरोपच्या लष्करी करारात होता. त्या कराराची अटलांटिकमधली हद्द कर्कवृत्ताच्या उत्तरेपुरती, म्हणजे कागदोपत्री गोवा त्यात बसत नव्हता. तरीही डिसेंबर 1955 मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री कुन्हा यांच्यासोबतच्या पत्रकात या वसाहतींना सरळ पोर्तुगीज ‘प्रांत’, म्हणजे पोर्तुगालचाच भाग म्हटलं. नेहरू उगाच नाही भडकले. शिवाय अमेरिकेच्या लष्करी गोटात गेलेला पाकिस्तान होताच, आणि भारताच्या नाकेबंदीनंतर गोव्याचा हवाई मार्ग कराचीवरून चालत होता. 18 डिसेंबर 1961 ला भारताच्या कॅनबेरा बॉम्बर विमानांनी दाबोळीची धावपट्टी फोडली, तरी त्या रात्री दोन प्रवासी विमानं तिच्यावरूनच निसटली. गेली कुठे? कराचीला!

धोका फुगवून सांगितला गेला, हे तुमचं म्हणणं मात्र अर्धं खरं आहे. दाबोळीला एकही लढाऊ विमान निघालं नाही. पण कारवारसमोरच्या, पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या अंजदीव बेटाबद्दल तुम्ही अवाक्षरही काढलेलं नाही. तिथून नोव्हेंबरात ‘साबरमती’ बोटीवर गोळ्या झाडल्या गेल्या, एक मच्छीमारही मारला गेला. किनाऱ्यावरच्या माणसाला हा धोका कागदावरचा नव्हता.

खरं तर तुम्ही मला वेगळ्या जागी पकडायला हवं होतं: धोका एवढा होता, तर स्वातंत्र्यानंतर 14 वर्षं थांबले कशाला? 15 ऑगस्ट 1955 ला निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार झाला, तेव्हाही नेहरूंनी लष्कर पाठवलं नाही. माझ्या मते फरक पडला तो अंगोला या पोर्तुगालच्या आफ्रिकी वसाहतीतल्या 1961 च्या उठावाने. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार, त्याचं सैन्य तिकडे अडकलं, आणि ऑक्टोबरात दिल्लीत जमलेले आफ्रिकी नेते नेहरूंना तोंडावर सांगू लागले की, तुम्ही गोव्यात हालचाल केलीत तर आमची लढाई सोपी होईल. मेननांच्या मतदारसंघापेक्षा मला हे कारण कितीतरी वजनदार वाटतं.