गुन्ह्याआधी शब्दकोश उघडा

गुन्हेगारीत नव्यानं उतरणारी मंडळी सुरुवातीलाच घोळ घालतात. कटावणी आणतात, हातमोजे आणतात, पळून जायला गाडी हेरून ठेवतात. इंग्रजीची तयारी मात्र शून्य. मग एक दिवस इंग्रजीतलं आरोपपत्र पुढ्यात पडतं आणि आपण नेमकं काय करून बसलो हे दुसऱ्याला विचारावं लागतं. एवढी नामुष्की कशाला? इंग्रजी ही या व्यवसायासाठीच घडवल्यासारखी भाषा आहे. प्रत्येकाच्या ऐपतीप्रमाणे तिच्यात गुन्ह्याला शब्द मिळतो. फक्त शब्द आधी निवडायचा आणि काम नंतर हाती घ्यायचं.

चोरीपासून सुरू करू, कारण बहुतेकांचा श्रीगणेशा तिथेच होतो. इंग्लंडच्या 1968 च्या थेफ्ट ॲक्टप्रमाणे थेफ्ट ठरायला दुसऱ्याची वस्तू अप्रामाणिकपणे आपलीशी करावी लागते आणि मालकाला तिला कायमचं मुकवण्याचा इरादा असावा लागतो. यातलं 'कायमचं' नीट घोळवून घ्या. रात्री कुणाची तरी गाडी उचलली, पेट्रोल संपेपर्यंत उडवली आणि पहाटे एका कोपऱ्यावर सोडून दिली, तर मालक कायमचा कुठं मुकला? ही पळवाट बुजवायला त्याच कायद्यात संमतीविना वाहन नेण्याचं वेगळं कलम घालावं लागलं. तिथल्या पोलिसांनी 'टेकिंग विदाउट ओनर्स कन्सेंट' याची आद्याक्षरं जोडून 'ट्वॉक' असं क्रियापदच पाडलं आहे. थीफ म्हणवून घ्यायची लाज वाटत असेल तर बिनदिक्कत ट्वॉक करा.

बळजबरी केली किंवा धाक घातला की रॉबरी. चोरायच्या इराद्यानं परक्याच्या इमारतीत नुसतं शिरलात की बर्गलरी, मग आत फुटकी कवडी हाती लागली नाही तरी बेहत्तर. बुवाबाजीत, लग्नात आणि राजकारणात रिकाम्या हातानं परतणाऱ्याला कुणी काही म्हणत नाही. बर्गलरच्या पदरी मात्र पदवी पडतेच. आणि व्याकरण सांभाळा: वस्तू स्टील होते, माणूस किंवा बँक रॉब होते. 'माझी पर्स रॉब झाली' असं इंग्रजीत सांगणाऱ्याला पर्ससोबत अब्रूही घालवल्याचं समाधान मिळतं.

पण हे सगळे शब्द गरिबांचे. खिशात हात घालणारा पिकपॉकेट, दुकानातून उचलणारा शॉपलिफ्टर. काय केलं ते शब्दातच दिसतं, लपायला जागा नाही. रक्कम वाढवत न्या आणि बघा शब्द कसा मऊ होत जातो. विश्वासानं सोपवलेले पैसे कारकुनानं गिळले तर एम्बेझलमेंट. जरा वरच्या खुर्चीवरून तेच झालं तर मिसॲप्रोप्रिएशन. अगदी वरच्या मजल्यावर पोचलात की उरतात फक्त इरेग्युलॅरिटीज, म्हणजे हिशेबाच्या वह्यांनाच जणू मधूनमधून चक्कर येते. कर बुडवायचा असेल तर इव्हेजन (कायदा मोडून) आणि अव्हॉयडन्स (कायद्याच्या फटीतून) या दोन शब्दांतला फरक पाठ करा: पहिल्यात तुरुंग, दुसऱ्यात फार तर टीका. हा फरक स्वतः पाठ करायचा कंटाळा येत असेल तर तो पाठ असलेली माणसं भाड्यानं मिळतात.

एडविन सदरलँड नावाच्या अमेरिकी समाजशास्त्रज्ञानं 1939 मध्ये एका भाषणात या वरच्या मजल्यावरच्या लोकांसाठी 'व्हाइट कॉलर' हा शब्द वापरला. त्याचा हेतू होता की साहेब लोकांच्या गुन्ह्यांकडेही गुन्हा म्हणून बघावं. झालं भलतंच. कॉलरीच्या स्वच्छतेचं प्रमाणपत्र आयतं मिळालं.

काहींना वाटेल, शब्दानं काय बिघडतं, रक्कम तर तीच राहते ना? अठराव्या शतकातल्या लंडनमध्ये रक्कमसुद्धा तीच राहत नसे. राहत्या घरातून 40 शिलिंग किंवा त्याहून जास्त किमतीचा ऐवज चोरला तर फाशी, असा कायदा 1713 पासून होता. ओल्ड बेली कोर्टातल्या जुरींना एवढ्यासाठी माणूस लटकवणं जिवावर येई. मग ते शपथेवर सांगत की ऐवजाची किंमत 39 शिलिंग. चांदीची भांडी असोत नाहीतर रेशमी कपडे, बाजारात त्यांचं काहीही येत असो, जुरीच्या तराजूत 39 भरत. क्वचित रोख नाण्यांचंही तेच. विल्यम ब्लॅकस्टोन या कायदेपंडितानं असल्या सोयीस्कर मोजमापाला 'पायस पर्जरी', म्हणजे पुण्यशील खोटी शपथ, म्हटलं आहे. पुढे 1827 मध्ये ही मर्यादा वाढवून पाच पौंड केली (तेव्हा एका पौंडाचे वीस शिलिंग), तर जुरींचे आकडे लगेच चार पौंड एकोणीस शिलिंगांवर जाऊन थांबले. महागाई इतक्या अचूक वेळेला आलेली इतिहासात दुसरीकडे सापडणार नाही. आजच्या होतकरूंनी हेवा करावा असा हा काळ. हल्ली बिल असतं, त्यावर तारीख असते, सगळी गंमतच गेली.

खुनाकडे वळायचं असेल तर घाई नको. मर्डर म्हणवून घ्यायला जुन्या भाषेत 'मॅलिस अफोरथॉट', म्हणजे आधीच मनात धरलेला दुष्ट हेतू, लागतो, तो नसेल तर मॅन्स्लॉटरवर, म्हणजे सदोष मनुष्यवधावर, भागतं. अमेरिकेत तर पायऱ्याच आहेत. पेनसिल्व्हेनियानं 1794 मध्ये खुनाचे फर्स्ट आणि सेकंड डिग्री असे दोन वर्ग केले, त्यात पहिला जास्त गंभीर. पदवीला पहिला वर्ग मिळावा म्हणून झटणाऱ्या आईबापांनी मुलांना हा अपवाद वेळीच समजावून सांगावा. सगळ्यांत सुरक्षित शब्द मात्र अमेरिकी पोलिसांच्या प्रसिद्धीपत्रकात सापडतो: 'ऑफिसर-इन्व्हॉल्व्ड शूटिंग'. गोळी कुणी झाडली, कुणाला लागली, काही कळू नये अशी कारागिरी. अधिकारी तिथे 'इन्व्हॉल्व्ड' होता, जसा एखादा बक्षीस समारंभात प्रमुख पाहुणा म्हणून असतो. हा शब्द तुम्हाला वापरायला मिळणार नाही. गणवेश लागतो.

पकडले गेलात तरी धीर सोडू नका. ब्रिटनमध्ये पेपरात छापून येईल की अमुक इसम पोलिसांना तपासात 'मदत करत आहे'. घरच्यांना हे कात्रण अभिमानानं दाखवता येतं. यानंतर तोंड उघडायचं की नाही हे तुम्ही कुठल्या देशात आहात त्यावर ठरवा. अमेरिकेत 1966 च्या मिरांडा खटल्यापासून कोठडीतल्या चौकशीआधी सांगावं लागतं की गप्प बसण्याचा तुम्हाला हक्क आहे आणि बोललात तर ते तुमच्याविरुद्ध वापरता येईल. इंग्लंडमध्येही तुम्ही काही बोललंच पाहिजे असं नाही, पण विचारल्यावर जे सांगितलं नाही त्याचा पुढे कोर्टात आधार घेतलात तर बचावाला बाधा येऊ शकते, असं ते सभ्यपणे ऐकवतात. अमेरिकेत बोललात तर फसलात, इंग्लंडमध्ये गप्प बसलात तर फसलात. गुन्हा अटलांटिकच्या मधोमध करावा असा विचार डोक्यात आला असेल तर सागरी गुन्ह्यांचा शब्दसंग्रह वेगळा आहे, तो आणखी क्लिष्ट.

कोर्टात जाताना एक अपेक्षा घरी ठेवून जा. इंग्लंडचे न्यायाधीश हातोडा आपटत नाहीत, तो अमेरिकेतला. इंग्लंडमध्ये आपटण्याचं काम वकील जिभेनं करतात. समोरचा वकील तुमच्या वकिलाला 'माय लर्नेड फ्रेंड' म्हणाला तर दोघांचं गूळपीठ आहे असा संशय घेऊ नका. आणि न्यायाधीशांना उद्देशून 'विथ द ग्रेटेस्ट रिस्पेक्ट' असे शब्द ऐकू आले की ओळखायचं, पुढचं वाक्य अपमानाचं आहे.

मग येतो गिल्टी की नॉट गिल्टी हा प्रश्न. भोळे लोक यातला एक पर्याय निवडतात. अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष स्पिरो ॲग्न्यू भोळे नव्हते. लाचखोरीची चौकशी गळ्याशी आल्यावर 10 ऑक्टोबर 1973 रोजी त्यांनी पदाचा राजीनामा दिला आणि त्याच दिवशी बाल्टिमोरच्या कोर्टात उभे राहिले. करचुकवेगिरीचा एकच आरोप पुढे होता. त्यावर ते म्हणाले 'नोलो कंटेंडेरे'. लॅटिनमध्ये, मला वाद घालायचा नाही. केलं असंही नाही, केलं नाही असंही नाही, नुसता वाद नको. हे कबुलीसारखंच आहे असं न्यायाधीशांनी त्यांना सुनावलं, पण ऐकणाऱ्याला ते प्रार्थनेसारखं वाटतं त्याला काय करणार? 10,000 डॉलर दंड, तीन वर्षं प्रोबेशन, आणि साहेब घरी. लॅटिन शिकून काय उपयोग, असं विचारणाऱ्यांनी कान पकडावेत.

याहून वरची कसरत हेन्री आल्फर्डच्या नावावर आहे. खुनाचा आरोप, मृत्युदंडाची भीती. तो म्हणाला, मी मारलं नाही, पण गिल्टी लिहून घ्या. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं 1970 मध्ये असा जबाब चालतो असं ठरवलं. गरिबाच्या तोंडी ही लाचारी. शेअर बाजारात हाच प्रकार रुबाबात होतो: तिथली नियामक संस्था एसईसी हिनं 1972 मध्ये धोरण आखलं आणि कंपन्या 'आरोप मान्य किंवा अमान्य न करता' दंड भरू लागल्या. करोडो डॉलर कशाबद्दल दिले ते कुणालाच ठाऊक नाही, जणू रस्त्यात कुणी वर्गणी मागितली आणि यांनी दिली.

निकालाच्या दिवशी जुरी 'हंग' झाली असं कानावर आलं तर आनंदानं ओरडू नका. कुणाला लटकवलेलं नसतं, त्यांचं एकमत झालेलं नसतं, खटला पुन्हा उभा राहू शकतो. दोषी ठरून दोन शिक्षा मिळाल्या तर 'कन्करंट' हा शब्द येतोय का तिकडे लक्ष द्या. पाच आणि पाच वर्षं, पण दोन्ही एकदम भोगायची, म्हणजे पाचच. 'कन्सेक्युटिव्ह', म्हणजे एकामागून एक, म्हटलं तर मेलात. गुंतवणूकदारांना गंडवणाऱ्या अमेरिकेतल्या बर्नी मॅडॉफला 2009 मध्ये 150 वर्षं झाली ती याच शब्दानं, तीही वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी. व्हाइट कॉलरवाल्याला एवढी शिक्षा कशी, असं वाटलं ना? त्यानं पैसेवाल्यांनाही सोडलं नव्हतं. तेवढं पथ्य पाळा.

आणि खरोखरच महत्त्वाकांक्षी असाल तर शब्दकोशातले शब्द वापरण्यावर समाधान मानू नका, त्यात घुसा. मॅडॉफचे 65 अब्ज डॉलर कागदावर दिसत होते, तरी गुन्ह्याला 'पॉन्झी स्कीम' असं नाव लागलं ते चार्ल्स पॉन्झीचं. त्यानं 1920 मध्ये बॉस्टनमध्ये 45 दिवसांत 50 टक्के नफ्याचं आमिष दाखवून नव्यांचे पैसे जुन्यांना वाटले. पॉन्झी सुटसुटीत, उच्चाराला सोपं. तुमचं आडनाव पाच अक्षरी आणि जोडाक्षरांचं असेल तर इंग्रजांच्या जिभेला ते वळणार नाही, सगळी मेहनत पाण्यात जाईल. ते आधीच बदलून घ्या. अशा बदललेल्या नावालाही शब्द आहे, आरोपपत्रात तुमच्या खऱ्या नावापुढेच छापतात: एलियस.