‘दारुड्याला काय विचारायचं?’ : एका ताईंच्या प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार.

व्यसनमुक्ती केंद्राच्या कारभारात पेशंटच्या शब्दाला किंमत हवी, असं मी मागच्या लेखात लिहिलं. त्यावर तुमची प्रतिक्रिया आली : ‘माझ्या भावाला तीनदा ॲडमिट केलं. त्याला विचारलं तर एकच उत्तर, मला घरी न्या. खोटं बोलण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही. असल्यांना विचारून केंद्र चालवायचं? आणि काल सुटलेला दारुडा आज दुसऱ्याला काय शहाणपण शिकवणार?’

तुम्ही काय सोसलंय ते ओळीओळीत दिसतं, म्हणून सविस्तर लिहितो.

सुरुवातीच्या दिवसांबद्दल तुमचं-माझं भांडण नाही. रोज पिणाऱ्याची दारू एकाएकी तुटली की पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. त्यानंतर भ्रम होऊ शकतो, नसलेली माणसं दिसायला लागतात, आणि उपचार मिळाले नाहीत तर माणूस दगावतोसुद्धा. तिथं डॉक्टरांचाच शब्द चालला पाहिजे. माणूस भानावर नसेल तर त्याच्या प्रतिनिधीच्या अर्जावरून भरती करायची वाट २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात आहेच. मी बोलतोय ते भानावर आल्यानंतरच्या दिवसांबद्दल.

मी स्वतः एका केंद्रात राहिलोय. तिथली तक्रारपेटी ऑफिसात होती आणि ऑफिसात पेशंटला मज्जाव होता. रात्री वॉर्डला बाहेरून कडी लागायची. लघवीला कोपऱ्यात बादली. माझ्या शेजारच्या कॉटवर गडहिंग्लजकडचे एक मामा होते. हात इतके थरथरायचे की बादलीपाशी अंगावरच सांडायचं. म्हणून ते दुपारनंतर पाण्याला तोंड लावत नसत. सकाळी डॉक्टर विचारायचे, ‘मामा, पाणी का पीत नाही?’ मामा मान खाली घालायचे. फाइलवर शेरा पडला, ‘सहकार्य करत नाही’. खरं कारण डॉक्टरांना माहीत नव्हतं, मॅनेजरला नव्हतं, भेटायला येणाऱ्या मुलालाही नव्हतं. वॉर्डातल्या एकूण एक दारुड्याला मात्र ते माहीत होतं.

मग आम्ही का बोललो नाही? कारण तिथं तोंड उघडलं की मुक्काम वाढायचा. ताई, तुमचा भाऊ खोटं बोलतो हे मी नाकारत नाही, मीही बोलायचो. पण जिथं खरं बोलल्याची शिक्षा होते तिथं चांगला माणूससुद्धा गप्प बसायला शिकतो. आणि घरचे तरी खरं बोलतात का? दारू सोडवायची पावडर चहातून गुपचूप देणारी घरं आपल्या गल्लीगल्लीत आहेत. त्यात डायसल्फिराम, म्हणजे दारूशी जुळवून न घेणारं औषध, असेल आणि वर दारू पोटात गेली, तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. म्हणूनच ते औषध पेशंटला सांगून, त्याच्या संमतीनंच द्यायचं असतं.

आपल्या जिल्ह्यात दोन म्हशींचा मालकही दूध संस्थेच्या वार्षिक सभेत उभा राहून फॅटचा हिशेब विचारतो. त्याला कुणी म्हणत नाही की तुला डेअरीतलं काय कळतं. केंद्रात पेशंटला एवढंच हवंय : आठवड्याला एक बैठक, तिच्यात काय ठरलं त्याची नोंद, आणि पेशंटच्या बाजूनं बोलणारा एक माणूस. हा माणूस स्वतः यातून गेलेला, सोबर राहिलेला, रीतसर प्रशिक्षण घेतलेला आणि पगारावरचा असावा. पगाराचं मुद्दाम लिहिलं, कारण फुकट राबवलेल्या माणसाला मॅनेजरसमोर ताठ उभं राहता येत नाही. २६ जूनच्या, म्हणजे अमली पदार्थविरोधी दिनाच्या, कार्यक्रमात एका सुधारलेल्याला हार घालून कहाणी सांगायला लावणं म्हणजे सहभाग नव्हे.

‘काल सुटलेला’ नकोच, हे मला मान्य. पण पुण्यात १९८६ साली सुरू झालेल्या मुक्तांगणमध्ये बरे झालेले पेशंटच समुपदेशक म्हणून उभे राहिले, हे महाराष्ट्रानं पाहिलंय. १९८४ मध्ये ॲम्स्टरडॅममध्ये काविळीची साथ रोखायला स्वच्छ सुया वाटायचं काम ड्रग्ज घेणाऱ्यांच्या संघटनेनंच पुढाकार घेऊन सुरू केलं. धोका कुठं आहे हे त्यांना सगळ्यात आधी दिसलं होतं. असा कार्यकर्ता स्लिप झाला, म्हणजे पुन्हा प्यायला लागला, तर? होऊ शकतो. तेव्हा त्याला कामावरून बाजूला घ्यायचं, उपचार द्यायचे, आणि त्याची जागा सांभाळायला दुसरा तयार ठेवायचा. आजारी पडलेल्या नर्ससाठी आपण हेच करतो.

२०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कसला तरी उपचार मिळाल्याचं आढळलं. त्याला कारणं बरीच आहेत. पण केंद्रात कसं वागवतात याची बातमी गुत्त्यावर सगळ्यात आधी पोचते, आणि ती ऐकून माघारी फिरलेली माणसं मी पाहिली आहेत.

आता तुमच्या भावाचं. वर सांगितलेला कायदा दारूमुळं होणाऱ्या मानसिक आजारालाही लागू आहे. सक्तीनं टक्कल करता येत नाही, जबरदस्तीनं राबवून घेता येत नाही, साखळीनं बांधता येत नाही. फोनवर बोलायचा आणि तक्रार करायचा हक्क आहे. केंद्रात दाद लागली नाही तर मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे जाता येतं. तिथं न्यायाधीश आणि डॉक्टरांबरोबर आजार भोगलेल्यांसाठी, त्यांची काळजी घेणाऱ्यांसाठी किंवा या क्षेत्रातल्या संस्थांसाठी दोन जागा कायद्यानंच राखल्या आहेत. म्हणजे तुमच्यासारख्या बहिणीसाठीसुद्धा.

चौथ्यांदा भरती करायची वेळ आली तर आधी केंद्राची नोंदणी बघा, रात्री वॉर्डात कोण जागं असतं ते विचारा, आणि भावाला वॉर्डाबाहेर, चहा पिता पिता, मागच्या तीन ठिकाणी काय घडलं ते विचारा. तो ‘घरी न्या’ म्हणाला तर ‘का?’ असंही विचारा. ऐकून घ्यायला कुणी तिसरं हवं असेल तर मी येईन, फक्त मी येऊ का, हे आधी त्याला विचारा.