गाद्याने जाळं फाडलं, पण दर्या कोणी रिकामा केला?

परवा काकांच्या अंगणात जाळं पसरलेलं होतं. तीन ठिकाणी भोकं, माझं डोकं सहज आत जाईल एवढी. जाळ्याच्या काही आसांत, म्हणजे डोळ्यांत, बांगड्याची नुसती मुंडकी अडकलेली, धड गायब. काका सकाळपासून सुई-दोरा घेऊन बसलेले. मान वर न करताच म्हणाले, "गाद्यांनीच दर्या खाल्ल्यानी रे. आमका आता काय उरतला?"

गादा म्हणजे डॉल्फिन. देवबाग-तारकर्लीला पर्यटक ज्याचे व्हिडिओ काढतात तोच. पर्यटकाला तो गोड वाटतो, पण ज्याचं जाळं फाटतं त्याला कसा वाटेल? मालवणात हे बोलणं आता रोजचं झालंय, म्हणून लिहितोय.

काकांचं नुकसान शंभर टक्के खरं आहे. पण मासळी गाद्यांनी संपवली, हे मला पटत नाही. आपल्या किनाऱ्यालगत फिरणारा पाठीवर उंचवटा असलेला मोठा गादा दोनशे किलोच्या आसपास भरतो आणि दिवसाला साधारण आठ-दहा किलो मासळी खातो. शंभर गादे धरले तरी दिवसाला एक टन, वर्षाला ३६५ टन. पर्ससीनच्या, म्हणजे अख्ख्या थव्याला घेरणाऱ्या मोठ्या जाळ्याच्या, एका ओढीत कित्येक टन तारली-बांगडा निघतो, हे आपल्या बंदरात सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. २०१९ साली अख्ख्या महाराष्ट्राची मासळी २.०१ लाख टनांवर आली, ४५ वर्षांतली सर्वांत कमी. त्या वर्षी 'क्यार' आणि 'महा' वादळांनी ऐन हंगामात होड्या किनाऱ्याला बांधून ठेवल्या होत्या. गादे तर आपल्या आजोबांच्या रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याच्या, काळातही होते, आणि तेव्हा रापण भरून येत होती.

पर्ससीनवर निर्बंध घालणारा शासनाचा आदेश ५ फेब्रुवारी २०१६ चा आहे. एलईडी दिव्यांच्या उजेडाने मासळी खेचून मासेमारी करण्यावर केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली. तरीही रात्री किनाऱ्यावरून दूरवर उजेड दिसतो. त्या उजेडाकडे बोट दाखवायला छाती लागते, गाद्याला शिव्या देणं सोपं जातं.

कॅनडात न्यूफाउंडलंडला हेच झालं. मोठ्या ट्रॉलरनी वर्षानुवर्षं उपसल्यावर १९९२ मध्ये कॉड माशाची मासेमारी बंद करावी लागली, हजारो माणसं एका दिवसात बेकार झाली. मग दोषाचं बोट गेलं सील या समुद्री प्राण्याकडे. सील कॉड खातो हे खरंच, त्यावर तिथे आजही वाद चालतात. पण समुद्र उपसला तो माणसाने.

मला तर वाटतं, मासळी विरळ झाली म्हणूनच गादा जाळ्याकडे जास्त येतो. जिथे मासे एकत्र सापडतात तिथे तो जाणारच.

आता काकांचं काय? संरक्षित प्राणी जाळ्यात अडकला आणि जाळं कापून त्याला सोडवलं, तर २०१८ पासून राज्यात २५ हजारांपर्यंत भरपाई मिळते. चांगली योजना आहे, तिच्यामुळे कितीतरी कासवं वाचली. पण गादा मासे ओरबाडून निघून गेला, तर दाखवायला अडकलेल्या प्राण्याचा फोटो कुठून आणणार? हातात उरतं ते फाटकं जाळं. म्हणून माझी मागणी सरळ आहे: जाळं किनाऱ्यावर आणल्यावर तिथेच पंचनामा करा आणि भरपाई द्या, अडकलेला प्राणी दाखवायची अट नको. ज्या मच्छीमार सोसायट्यांना हे पटतं त्यांनी ठराव करावा. आमच्या वाडीतून मी उद्याच सह्या गोळा करायला निघतोय, पहिली सही काकांची.