स्पीकर बंद करा, दोन ओळी स्वतः म्हणा

आज संध्याकाळी मनीषनगरला एका नातेवाइकांकडे गेलो होतो. दिवेलागणीची वेळ. देवापुढे निरांजन लागलं आणि लगेच ब्लूटूथ स्पीकरवर रामरक्षा सुरू. घरातले सगळे मोबाइलमध्ये, ओठ एकाचेही हलेनात. संपल्यावर म्हणे, "चला, रामरक्षा झाली." डोकंच फिरलं माझं. कोणाची झाली? स्पीकरची?

मला पहिला श्लोक आईने गच्चीवर शिकवला. नागपूरच्या महाल भागातलं घर, मे महिना, लाइन गेलेली, कूलर बंद. हातपंख्याने वारा घालत ती म्हणायची, "कराग्रे वसते लक्ष्मीः". मी मागून. आठच अक्षरं. ती तोंडात बसल्याशिवाय "करमध्ये सरस्वती" नाही. अनुष्टुभ छंदात श्लोकाचा एक चरण, म्हणजे चौथा हिस्सा, आठ अक्षरांचा असतो हे शाळेत फार उशिरा कळलं, ताल मात्र त्या पंख्यासोबत आधीच अंगात भिनला होता.

रेकॉर्डिंगमधले उच्चार शुद्ध असतात, मान्य. दिवसभर राबून आलेल्या माणसात त्राण उरत नाही, तेही मान्य. पण दोन ओळींना असा किती वेळ लागतो हो?

आणि ते "आम्हाला संस्कृत येत नाही" तर सांगूच नका! माझ्या आईला कुठे येत होतं? सातवी शिकलेली बाई. "समुद्रवसने देवि" शिकवताना एवढंच म्हणाली, "पाय ठेवायच्या आधी धरणीची माफी मागायची, बाप्पा." झाला अर्थ. व्याकरण शिकायचं त्याच्यासाठी रामटेकला १९९७ पासून अख्खं संस्कृत विद्यापीठ आहे. अंथरुणात बसून हात जोडायला ते लागत नाही.

बाबा गेले त्या वर्षी आई दिवसदिवस कोणाशी बोलायची नाही. सकाळी मात्र तळहात समोर धरून "कराग्रे" पुटपुटायची. तेवढाच तिचा आवाज आम्हाला ऐकू यायचा. स्पीकरने ते झालं असतं?

त्या घरातल्या पोरांवर राग नाही माझा. त्यांना कोणी जवळ बसवून मागून म्हणायला लावलंच नाही, तर ती बिचारी काय करणार.

रामरक्षेचे अडतीस श्लोक एकदम अंगावर घेऊ नका. एक घ्या, रोज एक चरण. माझी भाची सध्या "समुद्रवसने"च्या दुसऱ्या चरणात, "पर्वतस्तनमण्डले"पाशी अडखळते. "पर्वत" म्हणून थांबायचं, मग "स्तनमण्डले", आणि मग जोडून, असं केलं की येतं तिला. तुमच्या घरी पोरांना पहिला कोणता शिकवला ते खाली लिहा. तिच्यासाठी पुढचा शोधतोय.