हिरवा मिनार चिकटवला की झालं?

आज प्रशिक्षणात 'इस्लामी मूल्यांसह गणित' म्हणून एक डिजिटल धडा दाखवला. डोकंच फिरलं. कोपऱ्यात हिरवा मिनार, उत्तर बरोबर आलं की 'माशाअल्लाह' असा आवाज, आणि गणित काय? दुकानदाराने सायकल विकली, नफा किती! अरे, मिनार काढला तर मागे उरतं काय?

अब्बा आठवले. यावलकडे आमची चार एकर कोरडवाहू कपाशी आणि विहिरीवर गहू. माल घरात आला की अब्बा खताच्या पावतीमागे पेन्सिलने उश्र, म्हणजे पिकावरची जकात, काढायचे. पावसावरच्या पिकाचा दहावा हिस्सा, पाणी भरलेल्या पिकाचा विसावा. एका वर्षी कापूस २० क्विंटल, गहू ४०. हिस्सा दोन्हीकडून दोन-दोनच क्विंटल! मी सातवीत होतो. म्हटलं, अब्बा, गहू दुप्पट, मग हिस्सा सारखा कसा? म्हणाले, "बेटा, मोटरचं बिल कोण भरतं? रात्री पाणी भरायला कोण जातं?" अपूर्णांक मला त्या पावतीवर कळला. न्यायही तिथंच कळला.

हे घ्या ना धड्यात! ज्या ग्रंथाच्या नावातल्या 'अल-जब्र'वरून अल्जेब्रा हा शब्द आला, त्यातच गणितज्ञ अल-ख्वारिझ्मींनी नवव्या शतकात वारसांच्या वाटण्या सोडवल्यात. आपलं जळगाव जवळपास मक्केच्याच अक्षांशावर आहे, तरी किब्ला, म्हणजे नमाजाची मक्केकडची दिशा, सरळ पश्चिमेला नाही, साधारण ७ अंश उत्तरेकडे सरकलेला. का? पोरांना स्क्रीनवर पृथ्वीचा गोल फिरवू द्या, त्यांचं त्यांना दिसेल.

लहान पोरांना रंग-आवाज लागतात, बरं, मान्य. वर्गात सगळी पोरं मुसलमान नसतात, हेही खरं. पण रात्री मोटर चालू करायला जाणारा बाप शेजारच्या पाटलाच्या पोराचाही असतोच की.

घरी आल्यावर राग जरा निवळला. जिओजेब्रा या गणिताच्या सॉफ्टवेअरमध्ये एक स्लायडर केला. एका टोकाला पाऊस, दहा टक्के. दुसऱ्या टोकाला विहीर, पाच. लेक शेजारी येऊन बसली, तिने तो बरोबर मधोमध आणून सोडला. "अर्धं पाणी पावसाचं आणि अर्धं विहिरीचं असलं तर, अब्बू?"

आणि तिनेच सांगितलं, साडेसात. फिक्हमध्ये, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्रातही, तेवढंच सांगितलंय. तिने स्वतः काढलं, मी काही बोललो नव्हतो.

अब्बांची ती पावती अजून माझ्या कपाटात आहे. पेन्सिल पुसट झालीय, पण दोन्ही '२' दिसतात. उद्या फोटो काढून धड्याच्या पहिल्या पानावर टाकतो.