‘आव आणला’ म्हणणाऱ्यांना उत्तर

‘ताई, राग मानू नका’ अशी सुरुवात करून तुम्ही जे लिहिलंत, त्याचा मला राग आला. डॅन ब्राउन यांच्या ‘इन्फर्नो’ या कादंबरीवर आमच्या वाचनगटात झालेल्या चर्चेबद्दलचा माझा लेख, आणि त्यावर तुमचं हे वाक्य: ‘भेळ बांधायच्या लायकीचं पुस्तक वाचून आठ बायकांनी दान्ते वाचल्याचा आव आणला.’

आधी तुमचं बरोबर आहे ते. ज्याच्या नरकावरच्या कवितेभोवती ही कादंबरी फिरते, तो इटालियन कवी दान्ते फ्लॉरेन्समध्ये वारला, असं मी लिहिलं होतं. ते चुकलं. 1302 साली त्या शहराने त्याला हद्दपार केलं, तो परत कधी तिथे गेला नाही आणि 1321 साली रावेन्ना शहरात वारला. लेखात दुरुस्ती केली आहे, आभार. पण एवढं एका ओळीत सांगता आलं असतं. त्यासाठी आठ जणींची अक्कल काढायची गरज नव्हती. आणि ‘आठ बायका’ म्हणजे काय हो? पुरुष जमले असते तर तुम्ही ‘आठ वाचक’च लिहिलं असतं, याची मला खात्री आहे.

आता तो ‘आव’. कादंबरीच्या सुरुवातीला एक वचन आहे: नैतिक पेचाच्या काळात जे तटस्थ राहतात, त्यांच्यासाठी नरकातल्या सर्वांत काळोख्या जागा राखून ठेवलेल्या असतात. दान्तेचं म्हणून ते जगभर फिरतं. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनीही तसंच वचन त्याच्या नावावर सांगितलं होतं. आमच्यातली एक म्हणाली, मूळ ओळ तरी बघू या. मग दान्तेच्या ‘डिव्हाइन कॉमेडी’ या काव्याचा इंग्रजी अनुवाद आणला आणि त्यातल्या नरकाच्या भागाचा तिसरा सर्ग दोनदा मोठ्याने वाचला. तिथे ती ओळ नाही. तटस्थ माणसं तर तळाशीही नाहीत! दारातून आत गेल्यावर, पण आकेरॉन नदीच्या अलीकडेच, ती एका झेंड्यामागे उघडी धावत असतात आणि गांधीलमाश्या त्यांना डसत असतात. स्वर्गाला ती नकोत, खोल नरकालाही नकोत. सर्वांत खाली आहे गोठलेलं तळं, आणि ते विश्वासघातक्यांसाठी. ज्याने कधी बाजूच घेतली नाही त्याला नरकानेही थारा देऊ नये, ही शिक्षा जास्त भयंकर की काळोखी कोठडी, यावर आम्ही चाळीस मिनिटं भांडलो. चहा गार झाला. याला तुम्ही आव म्हणता?

ती चूक आम्हाला सापडली, कारण ते ‘भेळेचं’ पुस्तक आमच्या हातात होतं. स्मृती गेलेला नायक लँग्डन इस्पितळात जागा होतो आणि तिथून फ्लॉरेन्स, व्हेनिस, इस्तंबूल अशी जी धावाधाव सुरू होते, तिच्यामागे आम्हीही धावलो. दमछाक झाली, आणि मग थांबून मूळ कविता उघडली. नुसता दान्ते समोर ठेवला असता तर आमच्यातल्या पाच जणी पुढच्या महिन्यात आल्याच नसत्या.

मला हे इतकं का लागलं, तेही सांगते. आठवीत असताना भाड्याच्या वाचनालयातून आणलेली रहस्यकथा माझ्या दप्तरात सापडली. बाईंनी मला वर्गासमोर उभं केलं आणि विचारलं, ‘हिच्या घरी कधी ज्ञानेश्वरी उघडली असेल का?’ आजी रोज वाचायची. आजोबा गेले त्या दिवशीसुद्धा वाचली होती. पण माझ्या तोंडून शब्द फुटला नाही, आणि पुढे कॉलेजपर्यंत मी चारचौघांत पुस्तक उघडलं नाही. काय वाचतेस असं विचारल्यावर कुणाची मान खाली जाऊ नये, एवढ्यासाठी हा गट मी सुरू केला. तुमचं वाक्य वाचलं आणि त्या बाईंचा आवाज जसाच्या तसा ऐकू आला.

बाकीचं थोडक्यात. कादंबरीतल्या झोब्रिस्ट या शास्त्रज्ञाचा विषाणू एक तृतीयांश माणसांना वंध्य करतो, यावर आम्ही भूमिका घेतली नाही असं तुम्ही म्हणता. घेतली, मी लिहिली नाही. लेखात काय घ्यायचं ते मी ठरवणार. सिनेमाचा शेवट वेगळा आहे, हे आम्हालाही ठाऊक आहे. भाषेच्या सपाटपणाबद्दल वाद घालायची माझी इच्छा नाही.

येत्या शेवटच्या शनिवारी आम्ही सव्विसावा सर्ग वाचणार आहोत, ग्रीक वीर युलिसीसचा. तुमचा अभ्यास आमच्यापेक्षा जास्त दिसतो, तेव्हा जरूर या. फक्त त्या आठ जणींशी नीट बोलायचं.