शितावरून भाताची परीक्षा होते, पण शित कुठलं?

नमस्कार,

अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलवरच्या, नवख्या संघांना वेळ द्या म्हणणाऱ्या ‘सराव सामन्यांचा स्कोअर मनावर घेऊ नका’ या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया सविस्तर उत्तराची आहे, म्हणून खाली चार ओळींत न उरकता स्वतंत्र लिहितोय. तुमचे आक्षेप तीन. सिराक्यूज विद्यापीठाच्या संघाचं उदाहरण मी सोयीनं निवडलं. ‘पोरं नवखी आहेत’ ही केंटकी विद्यापीठाच्या चाहत्यांची दरवर्षीची पळवाट आहे. आणि सराव सामन्यातून काहीच कळत नसेल तर तो खेळायचा तरी कशाला? शेवटी ‘शितावरून भाताची परीक्षा होतेच’ असं बजावलंत.

पहिला आक्षेप मान्य, आणि तुम्ही म्हणता त्याहून जास्त मान्य. नोव्हेंबर २००९ मध्ये सिराक्यूज आपल्याच गावातल्या ल मॉइन या तेव्हा डिव्हिजन दोनमध्ये, म्हणजे दुसऱ्या पातळीवर, असलेल्या छोट्या कॉलेजकडून ८२–७९ हरलं. नंतर त्याच संघाने ३० सामने जिंकले, ५ हरले आणि बिग ईस्ट ही आपली विभागीय साखळी जिंकली. हे सगळं खरं. पण तो संघ नवखा नव्हता. ओनुआकू आणि रॉटिन्स हे खेळाडू शेवटच्या वर्षाला होते, वेस जॉन्सन आयोवा स्टेटहून येऊन एक वर्ष नियमानुसार बाहेर बसून तयार झालेला होता. नवख्या संघाची बाजू मांडताना हा दाखला देणं चूकच होतं.

त्या हारीतून शिकण्यासारखं आहे ते वेगळंच. सिराक्यूजचे तेव्हाचे कोच जिम बोहाइम म्हणजे २–३ झोन (माणसाऐवजी जागा राखणारा डिफेन्स) हे समीकरण. त्या रात्री मात्र त्यांनी मुद्दाम मॅन-टू-मॅन (प्रत्येकाने एकेक माणूस धरायचा) डिफेन्स खेळवून पाहिला. तो फसला, आणि पुढचा सीझन सिराक्यूजने झोनवरच काढला. त्याच महिन्यात मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्यांनी नॉर्थ कॅरोलायनाला ८७–७१ लोळवलं. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. ल मॉइनविरुद्धचा सामना जिंकण्यासाठी नव्हता, काय टाकून द्यायचं हे ठरवण्यासाठी होता. सराव सामन्याचा निकाल पाहू नका, त्यानंतर कोचने काय बदललं ते पाहा, असं मी लिहायला हवं होतं.

आता नवखेपणाची पळवाट. इथे तुमचं निम्मं बरोबर आहे.

तुम्ही केंटकीवाले आहात, म्हणून २०१३–१४ चाच सीझन घेऊ. अँड्र्यू आणि एरन हे हॅरिसन जुळे, ज्युलियस रँडल, जेम्स यंग, डकारी जॉन्सन, सगळे पहिल्या वर्षाचे. सीझनआधीच्या यादीत पहिला क्रमांक. १२ नोव्हेंबरला शिकागोत मिशिगन स्टेटशी पहिली खरी गाठ पडली. डोळे उघडायच्या आत १०–० असे मागे, शेवटी ७४–७८ हार. रँडलचे २७ गुण आणि १३ रिबाउंड (हुकलेल्या शॉटनंतर पकडलेले चेंडू) सगळ्यांना आठवतात. त्याने ८ वेळा चेंडू घालवला हे कमी जणांना आठवतं. आणि संघाचे फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारे मोकळे शॉट)? ३६ पैकी २०. सोळा हुकले, सामना चार गुणांनी गेला.

पाच महिन्यांनी, ७ एप्रिलला, हाच संघ आर्लिंग्टनमध्ये राष्ट्रीय स्पर्धेच्या फायनलला उभा होता. वाटेत त्यांनी ३५ सामने न हरलेल्या विचिता स्टेटला ७८–७६ असं घरी पाठवलं होतं. ऑफेन्स बदलला होता, डिफेन्सला आकार आला होता. फायनल मात्र कनेटिकटने ६०–५४ अशी नेली. कनेटिकटचे फ्री थ्रो १० पैकी १०, केंटकीचे २४ पैकी १३. अकरा हुकले, सामना सहा गुणांनी गेला.

म्हणजे नोव्हेंबरात दिसलेल्या दोन दुखण्यांपैकी एक (विस्कळीत खेळ) बरं झालं आणि दुसरं (फ्री थ्रो) तसंच राहिलं. माझ्या लेखाची खरी चूक ही, की मी दोन्ही एकाच पोत्यात भरली आणि वर ‘वेळ द्या’ अशी चिठ्ठी चिकटवली.

(फ्री थ्रोवरच सगळं ठरतं असंही नाही. त्याच स्पर्धेच्या सेमीफायनलला विस्कॉन्सिनने २० पैकी १९ टाकले आणि तरी केंटकीकडून ७३–७४ हरले. ५.७ सेकंद उरले असताना एरन हॅरिसनने थ्री (लांबून तीन गुणांचा शॉट) टाकला. विस्कॉन्सिनचा चुकलेला एकमेव फ्री थ्रो त्याआधी काही सेकंदांचा. काय बोलणार!)

मग बरं होणारं कोणतं आणि न होणारं कोणतं, हे ओळखायचं कसं? एक प्रसंग जवळून बघू. समोरचा गार्ड (चेंडू खेळवणारा) स्क्रीनला, म्हणजे वाट अडवून उभ्या साथीदाराला, वळसा घालून निघतो, त्याचा सेंटर (सर्वांत उंच गडी) रिंगकडे घुसतो. आता लांबच्या कोपऱ्यात आपला माणूस धरून उभ्या असलेल्या पोराने तो माणूस सोडायचा, आत सरकून सेंटरला छाती द्यायची आणि पास कोपऱ्यात गेला की परत तिकडे धाव घ्यायची. हायस्कूलमध्ये याची गरजच पडत नाही. उंची आणि उडी असली की मागून येऊन शॉट अडवता येतो. त्यामुळे पोरगा चेंडूकडे पाहत राहतो आणि अर्धा सेकंद उशिरा निघतो. त्या अर्ध्या सेकंदात तीनपैकी एक होतं: सोपा ले-अप (रिंगजवळून टाकलेला शॉट), त्याचा फाउल किंवा कोपऱ्यातून मोकळा थ्री.

टीव्हीवर तिन्ही सारखेच वाईट दिसतात, पण त्यात फरक आहे. पोरगा निघाला आणि उशिरा पोचला, तर काय करायचं ते त्याला माहीत आहे, पायांना अजून सवय नाही. ही गोष्ट रोजच्या सरावात आणि व्हिडिओ पाहून सुधारते, बहुधा जानेवारीपर्यंत. पोरगा जागचा हललाच नाही, हात कमरेवर ठेवून बघत राहिला, तर काळजी करा. आणि असं झाल्यावर कोचने त्याला लगेच बाहेर बसवलं नाही, तर जास्त काळजी करा. बदली खेळवायला बेंचवर कुणी नाही, असा त्याचा अर्थ असू शकतो.

वेळेचाही हिशोब बघा. पहिल्या सामन्याआधीच्या ४२ दिवसांत संघाला जास्तीत जास्त ३० सराव मिळतात. आठवड्याला २० तास आणि दिवसाला ४ तास ही वरची मर्यादा. त्यात कोच आधी मॅन-टू-मॅन डिफेन्स आणि त्याविरुद्धचा ऑफेन्स बसवतो. समोरच्याचा झोन फोडणं, फुल कोर्ट प्रेसमधून (मैदानभर अंगावर येणाऱ्या डिफेन्समधून) चेंडू बाहेर काढणं, बाजूच्या आणि बेसलाइनच्या इनबाउंडच्या (रेषेबाहेरून चेंडू आत टाकण्याच्या) चाली, शेवटच्या मिनिटाचं नियोजन हे मागाहून येतं. म्हणून छोट्या कॉलेजने झोन लावला की आपली पोरं बाहेरच्या बाहेर चेंडू फिरवत बसतात आणि घड्याळ संपताना वेडावाकडा थ्री फेकतात. झोनचं पोट फ्री थ्रो रेषेपाशी असतं. चेंडू तिथे गेला की दोन्ही कोपरे आपोआप मोकळे होतात. हे पोरांना जमत नाही की अजून शिकवलेलंच नाही, हे एका सामन्यात कळत नाही. पुढच्या सामन्यात कुणी त्या जागेवर येऊन उभं राहिलं, तर मधल्या आठवड्यात शिकवलं गेलं एवढं नक्की.

न सुधारणाऱ्या गोष्टी याहून रुक्ष आहेत. चेंडू सांभाळणारा एकच गार्ड असणं. पाचांत एकही भरवशाचा लांबून मारणारा नसणं. रिंगपाशी शॉट अडवणारा कुणी नसणं. कॉलेजमध्ये जानेवारीत खेळाडू सहसा विकत आणता येत नाही, भोक असेल ते मार्चमधल्या राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत राहतं. मोठ्या अंगाच्या खेळाडूचा फ्री थ्रोचा हातही एका सीझनमध्ये क्वचितच बदलतो. मात्र एका सामन्यातल्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. सत्तर टक्के टाकणाऱ्या संघाचे एका सामन्यात २० पैकी ११ पडू शकतात आणि १७ सुद्धा, त्यात नवल काही नाही. निदान शंभरेक टाकले जाईपर्यंत मत राखून ठेवा.

आता तुमच्या ‘मग आम्ही बघायचं काय’ या सवालाला सरळ उत्तर. कागदावर दहा रकाने आखा. कॉलेजच्या पुरुषांच्या सामन्यात २० मिनिटांच्या प्रत्येक हाफमध्ये घड्याळ १६, १२, ८ आणि ४ मिनिटांच्या खाली गेल्यावर खेळ थांबला की टीव्हीचा टाइम-आउट होतो, म्हणजे हाफचे आयते पाच तुकडे पडतात. प्रत्येक तुकड्यात तीनच गोष्टी टिपा.

घालवलेला चेंडू कुठल्या जातीचा? पास समोरच्याच्या हातात गेला की ‘जिवंत’, पाऊल चुकलं किंवा चेंडू बाहेर गेला की ‘मेलेला’. मेलेल्यात डिफेन्स मागे जाऊन उभा राहू शकतो, जिवंतात समोरचा एकटाच रिंगवर पोचतो. नवख्या संघाचे जिवंत बहुतेक दोनच कारणांनी जातात: हवेत उडी मारल्यावर कुणाला द्यायचा हा विचार, आणि पोस्टमध्ये (रिंगलगतच्या साथीदाराला) पास देण्याआधी तिकडेच टक लावून पाहणं. दोन्ही सवयी सुटतात.

दुसरं, समोरच्याने शॉट क्लॉकच्या (शॉट घ्यायला मिळणाऱ्या ३० सेकंदांच्या) पहिल्या आठ सेकंदांत, म्हणजे ३० पासून २२ पर्यंत, किती शॉट घेतले. हा आकडा मोठा असेल तर आपल्या शॉटनंतर मागे कोणी पळायचं हे ठरलेलं नाही. तिसरं, आपल्या बोर्डवर शॉट हुकल्यावर समोरच्याला दिलेले दुसरे चान्स. इथे उंचीपेक्षा पाठ लावून माणूस अडवण्याची सवय महत्त्वाची, आणि ती लागायला वेळ लागतो.

तुकड्याच्या वर मैदानावरचे पाच जण लिहा. नाहीतर शेवटच्या आठ मिनिटांत बेंचवरच्या पोरांनी केलेला गोंधळ तुम्ही मुख्य पाचांच्या नावावर टाकाल. सराव सामन्याबद्दलची ‘वीस गुणांची आघाडी नऊवर आणली’ ही तुमची तक्रार वाचताना हाच संशय आला.

नुसते टर्नओव्हर (घालवलेले चेंडू) मोजून पुरत नाही, त्यांना पझेशनने, म्हणजे चेंडू किती वेळा आपल्या ताब्यात आला त्या आकड्याने, भागा. सूत्र सोपं आहे: घेतलेले शॉट, वजा आपले ऑफेन्सिव्ह रिबाउंड (आपल्याच हुकलेल्या शॉटवर परत मिळवलेले चेंडू), अधिक टर्नओव्हर, अधिक फ्री थ्रोंचे ०.४७५ पट. समजा ५८ शॉट, ११ ऑफेन्सिव्ह रिबाउंड, १५ टर्नओव्हर आणि २० फ्री थ्रो. पझेशन झाले ७१.५, टर्नओव्हर २१ टक्के. पंधराच्या आत असेल तर निवांत झोपा. वीसच्या वर गेला तर जिवंत-मेलेल्यांचा रकाना पुन्हा उघडा.

एका मुद्द्यावर मात्र मी तुमच्याही पुढे जाईन. काही नवखे संघ सुधारतच नाहीत. २०१२ च्या विजेत्या केंटकीत अँथनी डेव्हिसइतकेच महत्त्वाचे होते शेवटच्या वर्षाचा डॅरियस मिलर आणि परत आलेले टेरेन्स जोन्स, डोरन लँब. पुढच्या वर्षी ते सगळे गेले, पोरं पुन्हा नवी. फेब्रुवारी २०१३ मध्ये नर्लेन्स नोएलचा गुडघा गेला आणि मार्चमध्ये संघ एनआयटी या दुय्यम स्पर्धेच्या पहिल्याच फेरीत रॉबर्ट मॉरिसकडून ५७–५९ हरला. दुखापत होतीच, पण मिलरसारखा चार गोष्टी समजावून सांगणारा जुना गडीही शेजारी नव्हता. २०१५ च्या विजेत्या ड्यूककडे ओकाफोर, विन्स्लो, टायस जोन्स अशी पहिल्या वर्षाची फौज होती, पण गार्डमध्ये शेवटच्या वर्षाचा क्विन कुक होता. म्हणून नवख्या संघाची यादी हातात आली की फ्रेशमनच्या (पहिल्या वर्षाच्या पोरांच्या) क्रमवाऱ्या नंतर वाचा, आधी तिसऱ्या-चौथ्या वर्षाचा गार्ड शोधा.

आणि ‘काळजी नेमकी कोणत्या तारखेपासून करायची’? तारीख देत नाही. २०१४ चा केंटकी १ मार्चलासुद्धा साउथ कॅरोलायनाकडून ६७–७२ हरला होता. एसईसी या विभागीय साखळीच्या स्पर्धेच्या तोंडावर केंटकीचे तेव्हाचे कोच कॅलिपारींनी अँड्र्यू हॅरिसनला शॉट कमी आणि पास जास्त असं बसवलं, आणि गाडी रुळावर आली. चार महिने गेले एवढ्या एका गोष्टीला.

तुमचं शित खोटं नव्हतं, फक्त पहिली वाफ येताना काढलेलं होतं. भारतातून बघणाऱ्यांसाठी पुढचा सामना सकाळी साडेपाचला सुरू होतो, तिकडचे संध्याकाळचे सात. पहिल्या हाफचे पाच रकाने भरून इथेच टाका. जिवंत टर्नओव्हर पाचपेक्षा जास्त निघाले, तर तुमच्या बाजूने पुढचा लेख मी लिहितो.